छताचा प्रकार

आमच्या कार्यालयात नवीन यंत्र आलं की ते आधी टेबलावर येत नसे, गच्चीवर जायचं. गच्चीच्या कोपऱ्यात टिनाची एक खोली आहे, पूर्वी तिथे रद्दी ठेवायचे. मे महिन्यात त्या खोलीत पाय ठेवला की चष्म्याची दांडी कानाला चटका देते. तिथे यंत्र खोक्यातून काढून, वायर जोडून, चालू करून भांडार सांभाळणारे बोरकुटेजी दाराला कुलूप घालायचे आणि खाली येऊन सांगायचे, "राहू द्या नऊ दिवस. उन्हाळा काढला तर आपलं, नाही काढला तर कंपनीचं."

हे नऊ दिवस म्हणजे नवतपा. मे अखेरच्या या दिवसांत नागपूरचा माणूस दुपारी दारंखिडक्या लावून घेतो आणि देवाचं नाव घेतल्यासारखं कूलरचं नाव घेतो. यंत्र डिसेंबरात आलं असेल तरी बोरकुटेजी त्याला पाच महिने भांडारात झोपवून ठेवत आणि नवतपा लागला की वर चढवत. तोवर आम्ही जुन्याच यंत्रावर बोटं झिजवायची.

खात्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर अर्धे वाचक पुढचं वाचायचं सोडून आपल्या अडकलेल्या कागदाबद्दल विचारतील. जुन्या नोंदींच्या नकला आणि दाखले देणारं खातं आहे, मुख्य कार्यालय नागपुरात आणि बाकीची कार्यालयं तालुक्यांत, एवढं पुरे. दरवर्षी तंत्रज्ञानासाठी काही निधी येतो आणि तो कुठल्या कार्यालयाला कशासाठी द्यायचा हे एक समिती ठरवते. समितीत साहेब, लेखाधिकारी, तांत्रिक सहायक म्हणून मी आणि भांडार शाखेचे अधीक्षक म्हणून मनोहर बोरकुटे. कागदावर समिती चौघांची होती, पण खरा निकाल बोरकुटेजींच्या तांबड्या पेन्सिलीने लागायचा.

ही पेन्सिल शर्टाच्या डाव्या खिशात. उजव्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवणारी माणसं विदर्भात पुष्कळ आहेत, पण बैठकीत बोलायला उठताना तो कांदा काढून फाइलवर ठेवणारे मी एवढेच पाहिले. डोक्याला पांढरा दुपट्टा, अंगाने काटकुळे, आणि चालणं असं की भिंतीच्या सावलीबाहेर एक पाऊल पडणार नाही. कार्यालयाच्या आवारातली कुठली सावली किती वाजता कुठे असते हे त्यांना पाठ होतं. स्कूटर ते सकाळी मोकळ्या उन्हात लावायचे. लोक हसायचे आणि दुपारी आपल्या तापलेल्या सीटवर पाण्याची बाटली ओतायचे, तेव्हा बोरकुटेजींची स्कूटर गुलमोहराखाली असायची. स्कूटर जागेवरच असे, सावली तिच्याकडे चालत आलेली असे.

यंत्रांचा नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. मी मूळची नाशिकची. लग्न होऊन नागपुरात आले आणि एका ऑक्टोबरात या कार्यालयात रुजू झाले. पहिल्याच दिवशी बोरकुटेजींनी विचारलं, "ताई, नागपुरात किती उन्हाळे काढले?"

"अजून एकही नाही."

"मग जूनमध्ये बोलू," ते म्हणाले आणि खरोखर जूनपर्यंत माझी एकही सूचना त्यांनी ऐकली नाही. मी टिपणी पाठवली की तिच्यावर तांबड्या पेन्सिलीने 'जून' असं लिहून परत यायची. माझ्या पदव्यांचे कागद मी त्यांच्या टेबलावर आपटायचेच बाकी ठेवले होते. एक जूनला मात्र ते स्वतः खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आले, बसले, म्हणाले, "हं, आता बोला." मी आठ महिन्यांचं साठलेलं सगळं बोलले. त्यातलं बरंचसं त्यांनी मान्य केलं, म्हणून जास्तच राग आला.

पुढे आम्ही शहराच्या कडेला, बेसाला फ्लॅट घेतला. ऑफिसात पेढे वाटले. बोरकुटेजींनी पेढा हातात धरूनच विचारलं, "कितवा माळा?"

"सगळ्यात वरचा. हवा छान आहे."

त्यांनी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं नाही. "उन्हाळा काढून सांगजा," म्हणाले. त्या मेमध्ये आमच्या नळाला सकाळी दहापासून आपोआप गरम पाणी यायला लागलं तेव्हा मी त्यांना काहीच सांगितलं नाही, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

यंत्र विकायला येणाऱ्या कंपन्यांची तर त्यांनी दैना करून ठेवली होती. एकदा पुण्याहून एक इंजिनियर आला. टाय लावून आला. सभागृहाच्या गारव्यात त्याने आपला स्कॅनर फार सुंदर समजावून सांगितला. बोरकुटेजी शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "लय चांगलं सांगितलं गा. चला, आता वर जाऊन दाखवा." वर नेलं. दहा मिनिटांत टाय सुटला आणि पंधराव्या मिनिटाला इंजिनियर जिन्यात बसला. बोरकुटेजींनी त्याच्या नाकाला कांदा लावला, थर्मासमधलं कैरीचं पन्हं पाजलं, आपला दुपट्टा ओला करून त्याच्या डोक्याला गुंडाळला. स्कॅनर वर चालूच होता. त्यांनी अहवालात लिहिलं, 'यंत्र योग्य आढळले. सोबतचा माणूस आणखी तपासावा.'

आता निधीवाटपाचं. लेखाधिकारी विचारत, मागणी किती. मी विचारायची, नोंदी किती, वीज कशी, इंटरनेटची लाइन कशी. बोरकुटेजी एकच विचारत, "छत काय आहे?"

मी कार्यालयांची माहिती मागवायला एक तक्ता केला होता, रकाने नीट विचार करून आखलेले. बोरकुटेजी त्याच्या शेवटी तांबड्या पेन्सिलीने आणखी एक रकाना ओढायचे, 'छताचा प्रकार'. टिन, कवेलू म्हणजे कौलं, नाही तर स्लॅब. टिनवाल्यांना पहिलं, कवेलूवाल्यांना नंतर, स्लॅबवाल्यांना उरलं तर. मी तक्ता कॉम्प्युटरवर बंदिस्त करून टाकला, कुणाला रकाना वाढवताच येऊ नये असा. त्यांनी त्याची छापील प्रत काढली आणि पट्टी घेऊन प्रत्येक पानावर रकाना ओढला.

शेवटी मी विचारलंच, "बोरकुटेजी, सॉफ्टवेअरला छताशी काय करायचंय?"

"सॉफ्टवेअर कशात राहते?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"अन् कॉम्प्युटर?"

"खोलीत."

"अन् खोली?"

मी वर पाहिलं. ते समाधानाने उठून गेले.

दुसरं भांडण सर्व्हरवरून. प्रत्येक तालुक्याला नोंदी साठवणारं एक मोठं यंत्र दिलं होतं, तेच सर्व्हर. जगात सगळीकडे ते आतल्या बंद खोलीत, कुलपात ठेवतात. बोरकुटेजींच्या खरेदीपत्रात मात्र अट असायची, 'सर्व्हर व त्याचा एसी दर्शनी दालनात बसवावा'. म्हणजे जिथे लोक नंबर लावून बसतात तिथे. मी सांगून थकले की धूळ जाईल, कुणी हात लावेल. ते म्हणत, "चार लोकायच्या नजरेत राहिलं की चोरीला जात नाही, ताई." दरवर्षी मी विरोधाची टिपणी लिहायची आणि दरवर्षी तिच्यावर फक्त तारीख पडायची. हा माणूस यंत्रांचे नको इतके लाड करतो, असं माझं पक्कं मत झालं होतं.

मग मुंबईहून नवे साहेब आले. जुलैत आले, त्यामुळे बोरकुटेजींच्या हिशेबी त्यांचं मत पुढच्या जूनपर्यंत मोजायचंच नव्हतं. पण साहेब ते साहेब. त्यांनी योजना आखली की तालुक्यांतले सर्व्हर बंद करायचे, सगळ्या नोंदी एकाच मध्यवर्ती ठिकाणी न्यायच्या, तालुक्यांतले एसी काढून आणायचे, आणि वर्षाचा निधी नागपूरच्या कार्यालयात भिंतभर पडदे लावलेली एक खोली उभारायला द्यायचा. त्या पडद्यांवर कुठल्या तालुक्यात किती काम झालं ते साहेबांना बसल्या जागी दिसणार. पडद्यांचं सोडा, पण सर्व्हरबाबत साहेबांचं चूक नव्हतं. माझंही तेच मत होतं.

वाटपाची बैठक मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरली. बोरकुटेजी म्हणाले, "नवतपा झाल्यावर घ्या साहेब." साहेब म्हणाले, "तोवर तुम्ही रिटायर व्हाल." ते खरंच होतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बोरकुटेजींची जन्मतारीख बिनदिक्कत एक जून ठोकली होती, त्यामुळे एकतीस मे हा त्यांचा शेवटचा दिवस. ही त्यांची शेवटची बैठक होती, आणि तीत त्यांचे सगळे सर्व्हर जाणार होते.

साहेबांनी मला सांगितलं, "एखाद्या तालुक्यातला सर्व्हर प्रत्यक्ष पाहून या. खरंच वापरात आहे का, ते लिहून द्या." संध्याकाळी बोरकुटेजी माझ्या टेबलाशी आले.

"कोणतं पाहून राहिल्या?"

मी सगळ्यात टोकाच्या तालुक्याचं नाव सांगितलं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि काही न लिहिता परत ठेवली.

"दुपारी जाजा," ते म्हणाले. "सकाळी तिथं काही दिसत नाही. अन् कांदा ठेवजा."

मी दीडला एसटीतून उतरले. आवार पांढरं पडलं होतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. नकलेसाठी आलेली माणसं कडुनिंबाखाली बसली असतील असं मला वाटलं होतं, तिथेही कुणी नाही. म्हटलं, सर्व्हर सोडा, इथे कार्यालयच वापरात नाही. दार ढकललं.

आत दालन गच्च भरलेलं होतं, आणि गार होतं. बाकांवर म्हातारी माणसं, खाली सतरंजीवर लेकुरवाळ्या बाया, कोपऱ्यात दोन माठ, त्यांवर ओलं फडकं. एक आजोबा उघड्या तोंडाने झोपले होते. सगळ्यांच्या समोर, देव्हाऱ्याच्या जागी असावं तसं काचेचं कपाट. त्यात सर्व्हर, त्याच्यावर हिरवा दिवा, काचेवर हळदीकुंकवाची बोटं आणि वाळलेली झेंडूची माळ. दसऱ्याला कार्यालयातल्या यंत्रांची पूजा करतात, त्यातली असावी. कुंकू मात्र ताजं होतं. कपाटावर पाटी, अक्षर ओळखीचं आणि तांबडं: 'सर्व्हर थंड ठेवणे आवश्यक आहे. कृपया बाहेर उभे न राहता आत येऊन दार लावून बसावे.'

मी कपाट उघडायला गेले तर बाकावरची एक बाई म्हणाली, "चपला काढा, मॅडम."

मी काढल्या. कपाट उघडलं. सर्व्हरच्या मागे एकही वायर नव्हती. हिरवा दिवा गणपतीच्या आराशीतला होता, त्याची वेगळी वायर खालून गेलेली.

डोमाजी नावाचा तिथला शिपाई धावत आला. केस पांढरे, निवृत्तीला आलेला. त्याने लपवलं नाही. "तीन उन्हाळे झाले मॅडम, जळाला तो. नकला जुन्या रजिस्टरातून देतो."

"कळवलं का नाही?"

"बोरकुटेजी म्हणे, कळवलं तर मशीनसोबत एसी पण नेतीन."

नियम मलाही माहीत होता. सरकारात एसी दर्जा पाहून मिळतो. कारकुनाला मिळत नाही, बाकावर बसलेल्या लोकांना तर नाहीच. यंत्राला मिळतो, यंत्राला कुणी दर्जा विचारत नाही. मला कडकडून राग आला. एक तर माझ्या ताब्यातला सर्व्हर तीन वर्षं मेलेला होता आणि मला पत्ता नव्हता. तक्रार आली नाही म्हणजे यंत्र चालू आहे, असं धरून मीही खुशाल बसले होते. आणि ज्याला मी इतकी वर्षं यंत्रवेडा समजत होते त्याने मला सरळ सरळ बनवलं होतं. रागाने मी बाकावर बसले. पाच मिनिटांनी घाम वाळला, आणि खोटं कशाला सांगू, रागही बराच वाळला.

डोमाजीने माठातलं पाणी आणून दिलं. मग हळूच म्हणाला, "हे बोरकुटेजीचं पहिलं ऑफिस. तवाबी हे सगळं टिनाचंच होतं, अन् खिडकी बाहेरून. लाइन उन्हात." त्याने माठावरचं फडकं सारखं केलं. "एक म्हातारी आली होती नकलेसाठी. जेवणाची सुट्टी झाली, बोरकुटेजीनं खिडकी लावली. म्हणे, माय, दोन वाजता ये, नंबर कुठं जात नाही. बाकीचे निंबाखाली गेले. ते नाही गेली. नंबर जाईन म्हणून भिंतीले टेकून बसून राहिली. दोन वाजता यायनं खिडकी उघडून नाव पुकारलं. पुकारलं, पुकारलं." त्याने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. "नक्कल तयार होती मॅडम. सहीच बाकी होती फक्त. त्यायले विचारू नका काही."

मी डबा नेला होता, तो तसाच परत आणला. एसटीत सगळा रस्ताभर मला माझ्या टिपण्या आठवत होत्या, धूळ जाईल, कुणी हात लावेल. लाज वाटली.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "सर्व्हर वापरात आहे?"

"आहे," मी म्हटलं. समोर बोरकुटेजी छताकडे पाहत होते. कांदा फाइलवर होता.

"लोड कधी जास्त असतो?"

"दुपारी बारा ते चार. मे महिन्यात सगळ्यात जास्त. पावसाळ्यात जवळजवळ नसतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. माझा अहवाल बाजूला ठेवला आणि बोरकुटेजींचं मागणीपत्र ओढलं. "बोरकुटे, सर्व्हरसाठी बाकं लागतात, हे मी एक वेळ समजू शकतो. माठ कशाला?"

बोरकुटेजींनी फाइलवरचा कांदा सरळ केला.  मग ते म्हणाले, "ओलावा राहते, साहेब."

लेखाधिकाऱ्यांना खोकला आला. साहेबांनी मागणीपत्राचं पान उलटलं. त्यांच्या केबिनचा एसी आठवड्यापासून धड चालत नव्हता, मानेवर घामोळं आलेलं कॉलरमधून दिसत होतं. शेवटी त्यांनी मान न उचलता विचारलं, "त्या तालुक्याच्या कार्यालयाचं छत काय आहे?"

बोरकुटेजींनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "टिन, साहेब."

सगळं काही मिळालं नाही. स्लॅबवाल्या तालुक्यांचे एसी गेलेच. साहेबांची पडद्यांची भिंत झाली, फक्त अर्धी. टिन आणि कवेलूवाल्यांकडे 'स्थानिक सर्व्हर' राहिले, बाकं आणि माठांसह, आणि जळालेल्याच्या जागी, कागदावर 'जुन्या'च्या जागी, खरं चालणारं यंत्र द्यायची शिफारस मी स्वतः लिहिली. बाहेर आल्यावर बोरकुटेजी एवढंच म्हणाले, "स्लॅबवाले काढतीन उन्हाळा." माझे आभार वगैरे मानले नाहीत.

एकतीस मेला शाल, नारळ, भाषणं झाली. जाताना त्यांनी गच्चीवरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "भांडारातलं नवं मशीन वर आहे. दोन दिवस राहिले नवतप्याचे. आधी काढू नका." मी काढलं नाही. कधी नव्हे ती रोज दुपारी वर जाऊन पाहून आले.

ते यंत्र घेऊन मी त्या टोकाच्या तालुक्याला गेले तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता, पाऊस आलेला नव्हता. दालन भरलेलं होतं. शेवटच्या बाकावर पांढरा दुपट्टा दिसला.

"बोरकुटेजी, तुम्ही इथे? कसली नक्कल काढायची आहे?"

ते जरा ओशाळले. "नाही ताई. घरी दुपार जात नाही." बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादला, हे मला माहीत होतं, पण दुपारशी मी ते कधी जोडलं नव्हतं. त्यांच्या हातात नंबराचा बिल्ला होता. सकाळच्या एसटीने येऊन लावलेला, आता लवकरच येणारा नंबर. 

सव्वा वाजता दार उघडून एक म्हातारी आत आली. तोंडाला पदर गुंडाळलेला, पाय धुळीने पांढरे. भरलेलं दालन पाहून ती दारातच थबकली. बोरकुटेजी उठले.

"बस वं माय. हा माझा नंबर घे."

तिने संशयाने बिल्ल्याकडे पाहिलं. "अन् तुले?"

"मले घाई नाही."

ती त्यांच्या जागेवर बसली. ते डोमाजीकडे जाऊन शेवटचा नंबर घेऊन आले आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. जेवणाची सुट्टी झाली, खिडकी बंद झाली. मी कपाटात वायर जोडत होते. गारव्याने म्हातारीला झोप लागली, डोकं भिंतीला टेकलं.

दोन वाजता खिडकी उघडली आणि तिचा नंबर पुकारला. ती उठली नाही. बोरकुटेजी वाकले. "माय," ते म्हणाले. ती हलली नाही. "माय, नंबर आला तुहा." त्यांचा हात तिच्या खांद्याजवळ जाऊन थांबला. माझ्या हातातली वायर तशीच राहिली.

म्हातारीने डोळे उघडले. "आला काय?"

"आला," बोरकुटेजी म्हणाले आणि खिडकीपर्यंत तिच्या मागे मागे गेले.